चेंडू आभाळात जातो, पुढे जात नाही: ड्रायव्हरचं नेमकं कुठे बिघडतंय?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’ काढून टाकलेत, बाकी सगळं जसंच्या तसं आहे. ऐकायला वेळ नसेल तर निदान १४:३० पासूनचा भाग वाचून रेंजवर जा.)

००:००

मागून खटखट ऐकू येत असेल तर घाबरू नका, तो माझा कीबोर्ड नाही. शेजारच्या गल्लीतले लूम चालू आहेत. इथे शांतता फक्त लाइट गेल्यावर मिळते.

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचला. कल्याणहून एका श्रोत्याने पाठवली होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मामाचा जुना गोल्फ सेट मिळालाय, महिन्यातून दोनदा रेंजवर जातो. त्याचा प्रश्न असा: “दादा, माझा ड्रायव्हर लागतो तेव्हा चेंडू सरळ आभाळात जातो आणि शंभर-सव्वाशे यार्डावर धप्पकन पडतो. सगळे म्हणतात लॉफ्ट जास्त आहे, ९ डिग्रीचा घे. सेकंड हँड मिळतोय. घेऊ का?”

हा प्रश्न ऐकून मला हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. कारण दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आत्ता एवढंच, की मित्रा, पैसे खिशातच ठेव आणि हा भाग शेवटपर्यंत ऐक.

०१:५०: आधी हे ठरवू, ‘जास्त उंच’ म्हणजे किती?

आपल्याला वाटतं की चांगला ड्राइव्ह म्हणजे जमिनीलगत, गोळीसारखा सुटलेला. टीव्हीवर कॅमेरा खेळाडूच्या मागे असतो, त्यामुळे चेंडू किती वर गेला ते कळतच नाही.

ट्रॅकमॅन नावाचं रडारवर चालणारं मशीन आहे. चेंडूचा वेग, कोन, फिरकी सगळं मोजतं. त्यांनी काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या पुरुषांच्या पीजीए टूरच्या सरासरीत ड्रायव्हरने मारलेला चेंडू ३२ यार्ड उंच जातो. म्हणजे जवळजवळ २९ मीटर. भिवंडी-कल्याण रस्त्याला ज्या नऊ-दहा मजली इमारती उभ्या राहिल्यात ना, तेवढा. आणि तो चेंडू हवेतून २७५ यार्ड जातो.

म्हणजे उंच जाणं हा दोष नाही. वर गेला आणि त्या प्रमाणात पुढे गेला नाही, तर दोष.

त्याच सरासरीत महिलांच्या एलपीजीए टूरचे आकडे पाहा, ते जास्त कामाचे आहेत. पुरुषांचा क्लबचा वेग ताशी ११३ मैल, महिलांचा ९४. चेंडू सुटण्याचा कोन, म्हणजे लॉन्च अँगल, पुरुषांचा १०.९ डिग्री आणि महिलांचा १३.२. बॅकस्पिन दोघांचाही मिनिटाला साधारण २६०० ते २७०० फेरे.

काय दिसलं? ज्याचा वेग कमी, त्याला चेंडू जास्त वर सोडावा लागतो. तुमचा-माझा वेग त्या महिलांपेक्षाही कमी असण्याचीच शक्यता जास्त. मग आपण लॉफ्ट कमी करायला का धावतो? ९ डिग्री म्हटलं की मर्दानी वाटतं म्हणून? टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. त्या स्पर्धेत अंतराच्या बाबतीत ती मागच्या खेळाडूंमध्ये होती. पदक एका फटक्याने हुकलं, पण मधल्या चार दिवसांत तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या तिच्या मागे राहिल्या.

०४:२०: उंचीचे दोन प्रकार

आता डीबगिंग सुरू करू. पहिली गोष्ट, सगळे उंच चेंडू एकसारखे नसतात. पुढच्या वेळी मारल्यावर नाराज होऊन मान खाली घालू नका, चेंडूकडे बघा.

पहिला प्रकार, चेंडू फटक्याबरोबरच सरळ वर जातो. क्रिकेटमध्ये टॉप एज लागून कीपरच्या डोक्यावर उडतो ना, तसा. आवाजही बोदा येतो, हाताला झिणझिण्या येतात. याला ‘स्काय’ म्हणतात. ड्रायव्हरच्या वरच्या रंगवलेल्या भागावर पांढरे ओरखडे असतील तर समजा हाच आजार.

दुसरा प्रकार, चेंडू सुटतो बरा, मध्यम उंचीने. पण थोडं अंतर गेल्यावर वर चढायला लागतो. चढतो, चढतो, मग जणू ब्रेक लागतो आणि उभा खाली येतो. पडल्यावर घरंगळतही नाही. याला फुग्यासारखा उडतो म्हणून ‘बलून’ म्हणतात. मला मात्र तो संक्रांतीचा पतंग वाटतो. समोरून वारा आला की आणखी वर.

पहिल्यात चेंडू क्लबवर चुकीच्या जागी लागतो. दुसऱ्यात बॅकस्पिन जास्त असतो. दोन्हींवर एकच उपाय केला तर एक आजार बरा होईल आणि दुसरा वाढेल. म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा ‘टी खाली कर’ हा सल्ला अर्ध्या लोकांना लागू पडतो आणि अर्ध्यांचं वाटोळं करतो.

०६:१०: थोडं फिजिक्स, घाबरू नका

बॅकस्पिन म्हणजे चेंडू पुढे जाताना उलटा फिरणं, वरचा भाग आपल्याकडे येतो तसा. असा फिरणारा चेंडू हवा खालच्या बाजूला ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. मॅग्नस परिणाम म्हणतात. टेनिसमध्ये टॉपस्पिनने चेंडू झपकन खाली येतो, त्याच्या बरोबर उलटं.

हे गोल्फच्या चेंडूवर नीट गणित मांडून दाखवलं ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचे प्राध्यापक पीटर टेट यांनी, १८९० च्या दशकात. गंमत म्हणजे त्यांचा मुलगा फ्रेडी टेट हा त्या काळातला मोठा खेळाडू, १८९६ आणि १८९८ ची ब्रिटिश अॅमॅच्युअर स्पर्धा जिंकलेला. बाप घरात गणित करतोय आणि पोरगा मैदानात चेंडू मारतोय. तोवर लोकांना वाटायचं की चेंडू फक्त जोरामुळे हवेत टिकतो. टेटनी दाखवलं की फिरकी नसेल तर तो फार लवकर खाली येईल. म्हणजे बॅकस्पिन शत्रू नाही. कमी असला तर चेंडू पडतो, जास्त झाला तर पतंग होतो.

आता प्रश्न, जास्त बॅकस्पिन येतो कुठून? इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, त्यामुळे हळू जाऊ.

दोन कोन लक्षात ठेवा. एक, चेंडूला लागताना क्लबचा फेस किती वर बघतोय. दोन, त्या क्षणी क्लब खाली चाललाय की वर. चेंडू सुटण्याचा कोन मुख्यतः पहिल्यावर ठरतो. बॅकस्पिन ठरतो या दोन कोनांमधल्या अंतरावर. त्या अंतराला स्पिन लॉफ्ट म्हणतात.

उदाहरण घ्या. दोन मित्र, एकच ड्रायव्हर. दोघांचाही फेस लागताना १४ डिग्री वर बघतोय. पहिल्याचा क्लब ४ डिग्री खाली उतरत येतोय, दुसऱ्याचा ३ डिग्री वर चढतोय. पहिल्याचं अंतर १४ अधिक ४, म्हणजे १८. दुसऱ्याचं १४ वजा ३, म्हणजे ११. दोघांचे चेंडू जवळजवळ एकाच कोनात सुटतील, साधारण ११-१२ डिग्रीने. पण पहिल्याचा चेंडू कितीतरी जास्त फिरेल आणि वर चढत जाईल.

म्हणजे चेंडू फार वर जातोय म्हणून जो माणूस वरून खाली ठोकायला लागतो, तो आगीत तेल ओततोय. बरोबर उलटं करायचंय. आयर्नने जमिनीवरचा चेंडू मारताना खाली मारणं बरोबर. ड्रायव्हरचा चेंडू टीवर उभा असतो, तो क्लब वर चढायला लागल्यावर लागायला हवा.

०९:४०: फेसवरचा पुरावा

आमच्या भिवंडीत लूममध्ये बिघाड झाला की जॉबरला बोलावतात. चांगला जॉबर आल्या आल्या पाना हातात घेत नाही. आधी कापड बघतो. कापडावर दोष कुठे आणि कसा आलाय, त्यावरून कुठला भाग सैल झालाय ते ओळखतो. आपलं कापड म्हणजे ड्रायव्हरचा फेस.

व्हाइटबोर्ड मार्कर घ्या, पाच-दहा रुपयांचं नुकसान. चेंडूच्या मागच्या बाजूला, जिथे क्लब लागणार तिथे, मोठा ठिपका काढा. मारल्यावर फेसवर ठसा उमटतो. फोटो काढा, पुसा, पुढचा मारा. हे फक्त सरावात करायचं. खऱ्या राउंडमध्ये क्लबच्या डोक्याला काही लावून चेंडू मारणं नियमात बसत नाही, तेव्हा रेंजवरून निघताना फेस स्वच्छ करा.

ठसा कुठे आला त्याचा अर्थ असा:

फेसच्या अगदी वरच्या कडेला किंवा रंगावर ठसा असेल तर क्लब चेंडूच्या खालून निघून चाललाय. हा स्काय.

फेसच्या खालच्या अर्ध्यात ठसा असेल आणि चेंडू चढत जात असेल तर बॅकस्पिनचा आजार. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, थोडा फुगीर असतो. खाली लागल्यावर क्लबचं डोकं किंचित कलतं आणि चेंडूवर दात्याच्या चाकासारखा उलटा परिणाम होतो, फिरकी वाढते. मध्याच्या जरा वर लागला तर कोन थोडा वाढतो आणि फिरकी कमी होते. सगळ्यात लांब जाणारा चेंडू तिथूनच निघतो.

ठसा मध्यावर असेल आणि तरी चेंडू उंच जात असेल तर मनगटाकडे, वजनाकडे आणि फेसच्या दिशेकडे बघायचं. शेवटी क्लबकडे.

११:५०: कारणं आणि उपाय, एकेक करून

मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी बोलतोय. डावखुऱ्यांनी उलटं करून घ्या, तुम्हाला सवय आहेच.

पहिलं, टीची उंची. ड्रायव्हर जमिनीवर ठेवल्यावर चेंडूचा साधारण अर्धा भाग क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसला पाहिजे. नियमाप्रमाणे टी ४ इंचांपर्यंत चालते, पण म्हणून ती पूर्ण बाहेर ठेवायची गरज नाही. स्काय होत असेल तर टी थोडी खाली करा, पण ही मलमपट्टी आहे. खरा आजार खाली उतरणारा स्विंग आहे. आणि ठसे फेसच्या खाली येत असतील तर टी उलट वाढवा. फार उंच जातोय म्हणून टी खाली, हे दर वेळी बरोबर नाही ते यासाठी.

दुसरं, चेंडूची जागा. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या समोर. चेंडू मागे, दोन्ही पायांच्या मधोमध असला तर क्लब अजून खालीच उतरत असतो, म्हणजे स्काय किंवा पतंग. चेंडू डाव्या पंजाच्याही पुढे असला तर पोचेपर्यंत मनगट उलटतं आणि फेस आकाशाकडे बघायला लागतो. शूजजवळ एक टी आडवी ठेवून जागा रोज तपासा. आपल्या डोळ्यांवर विश्वास नको, चेंडू हळूहळू सरकतो आणि आपल्याला कळत नाही.

तिसरं, खांदे आणि वजन. उभे राहताना डावा खांदा उजव्यापेक्षा जरा वर हवा, त्याने क्लब वर चढताना लागतो. पण काही लोक ‘वर मारायचंय’ हे ऐकून संपूर्ण उजव्या पायावर मागे झुकतात. मागे झुकलं की हात थांबतात, मनगट पुढे उलटतं आणि क्लबचं डोकं हातांच्या पुढे पळतं. १० डिग्रीचा क्लब लागताना १८-२० डिग्रीचा होतो. तपासायची सोपी खूण: फटका संपल्यावर उजवा पाय उचलून दोन सेकंद डाव्या पायावर उभं राहता येतं का? तोल मागे जात असेल तर उत्तर मिळालं.

चौथं, वरून येणारा स्विंग. खांदे आधी फिरतात, हात बाहेरून आत येतात, क्लब कुऱ्हाडीसारखा उतरतो. क्रिकेट खेळून आलेल्या आपल्यासारख्यांचा हा लाडका रोग. यासाठी चेंडूंचा रिकामा छोटा खोका टीच्या पुढे, सुमारे फूटभर अंतरावर ठेवा. चेंडू न ठेवता स्विंग करा. टी उडाली पाहिजे आणि खोका जागचा हलता कामा नये. खाली मारत असाल तर खोका उडेल. दहा वेळा जमलं की मग चेंडू ठेवा, आधी अर्ध्या जोराने.

पाचवं, उघडा फेस. चेंडू उंच जातो आणि उजवीकडे वळत जातो, असं दोन्ही एकत्र होत असेल तर लॉफ्टचा विचारच करू नका. फेस उजवीकडे उघडला की त्याचा वर बघण्याचा कोनही वाढतो. हातात एखादं पुस्तक तिरकं धरून फिरवून बघा, लगेच कळेल. इथे उपाय ग्रिपचा आहे. डाव्या हाताच्या बोटांची दोन-तीन तरी हाडं वरून दिसली पाहिजेत. फेस सरळ यायला लागला की उंची आपोआप उतरते, आणि उजवीकडे झाडीत हरवणाऱ्या चेंडूंचे पैसे वाचतात ते वेगळेच.

१४:३०: पन्नास चेंडूंचा कार्यक्रम

रेंजवर एक टोपली घेतली की आपण बेफाम मारत सुटतो. पन्नास चेंडू, पन्नास वेगळे प्रयोग, आणि शेवटी हाताला फोड. कोडमध्ये एकाच वेळी पाच ठिकाणी बदल केले तर बग कशाने गेला ते कधीच कळत नाही. इथेही तसंच.

पहिले दहा चेंडू काहीही न बदलता मारायचे. प्रत्येकाचा ठसा आणि उड्डाण मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायचं. ‘वर-स्काय’, ‘खाली-पतंग’, ‘मध्य-उजवीकडे’, एवढंच पुरे.

मोबाइल समोरून लावा, म्हणजे तुमची छाती कॅमेऱ्याला दिसेल असा, कमरेच्या उंचीवर, स्लो मोशनमध्ये. चेंडू जाण्याच्या दिशेत ठेवू नका. स्टँड नसेल तर बॅगेला टेकवा. व्हिडिओत तीनच गोष्टी बघायच्या. चेंडू कुठल्या पायासमोर आहे? लागताना हात क्लबच्या बरोबर आहेत की मागे राहिलेत? शेवटी वजन कुठल्या पायावर आहे?

दहांमध्ये जो दोष सहा-सात वेळा दिसला, फक्त तोच धरायचा. पुढचे दहा चेंडू टी आणि चेंडूची जागा दुरुस्त करून. त्यानंतरचे वीस खोक्याचा किंवा तोल सांभाळण्याचा सराव करत, तीन-चतुर्थांश जोराने. शेवटचे दहा पुन्हा नेहमीसारखे आणि पुन्हा नोंद. पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा ओळी शेजारी ठेवा. फरक दिसला तर पुढच्या आठवड्यातही तेच. दिसला नाही तर दुसरं कारण धरायचं.

एका टोपलीत चमत्कार होणार नाही. पण तुमच्याकडे पुरावा असेल, आणि पुरावा असलेल्या माणसाला कोणी उगाच क्लब विकू शकत नाही.

१७:१०: माझे पैसे कसे गेले

आता ती गोष्ट. माझा ड्रायव्हर १०.५ डिग्रीचा होता. चेंडू उंच जायचा, उजवीकडे वळायचा. एका विक्रेत्याने सांगितलं, “सर, तुमचा स्विंग पॉवरफुल आहे, ९ डिग्री घ्या.” पॉवरफुल हा शब्द ऐकला आणि माझी बुद्धी गहाण पडली. दोन महिन्यांची बचत देऊन सेकंड हँड ९ डिग्रीचा घेतला.

पहिल्या दिवशी चेंडू खाली आला हे खरं. पण उजवीकडे वळणं दुप्पट झालं. कारण साधं आहे. लॉफ्टमुळे येणारा बॅकस्पिन चेंडूला सरळ ठेवायला मदत करतो. तो कमी झाला की आडवी फिरकी जास्त जोर धरते. मग मी नकळत चेंडू वर उचलायला लागलो, मागे झुकून, मनगट उलटून. महिन्याभरात चेंडू पुन्हा आकाशात. क्लब बदलला, मी तोच.

रेंजवर एक वयस्कर कॅडीकाका होते. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहिलेले. त्यांनी माझा ड्रायव्हर उलटा केला, वरचे ओरखडे बघितले, फेसवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाळा, क्लब बरोबर आहे. तू चेंडू उचलायला जातोस. तो उचलायचं काम क्लबचं आहे, तुझं नाही.” मला म्हणाले, टीवरून फक्त टी उडव. अर्धा तास चेंडू न ठेवता टी उडवायला लावली. आजूबाजूचे बघत होते, लाज वाटत होती. त्यानंतरचे पाच चेंडू मी आजही विसरलेलो नाही.

त्यांना द्यायला गेलो तर त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्त्यांमधली कॅडी पोरं लोखंडी सळई वाकवून क्लब बनवतात आणि गल्लीत प्लास्टिकच्या चेंडूने खेळतात, हे तुम्ही फोटोंमध्ये पाहिलं असेल. सळईला कसला लॉफ्ट आणि कसलं सेटिंग! तरी चेंडू दोन घरांच्या मधून काढतात. आपण मात्र हजारो रुपयांच्या क्लबला दोष देतो.

२०:००: मग क्लबचा दोष कधीच नसतो का?

असतो. ठसे मध्याच्या आसपास येतायत, तोल डाव्या पायावर संपतोय, चेंडू फार वळत नाही, आणि तरीही उभा खाली पडतोय, तेव्हा क्लब तपासा.

बऱ्याच नव्या ड्रायव्हरमध्ये शाफ्ट जिथे डोक्यात शिरतो तिथे फिरवायची सोय असते. पाना लावून लॉफ्ट एक-दीड डिग्री कमी-जास्त होतो. पण लक्षात ठेवा, बहुतेक क्लबमध्ये लॉफ्ट कमी केला की फेस थोडा उजवीकडे उघडतो. उजवीकडे वळणाऱ्याने हे केलं तर माझीच गत. आणि सेटिंग राउंडच्या आधी करायचं, राउंड सुरू झाल्यावर बदलायला परवानगी नाही.

काही क्लबमध्ये सरकवायची वजनं असतात. वजन फेसकडे आणलं की सहसा कोन आणि फिरकी दोन्ही थोडी उतरतात, पण मध्यावर न लागलेल्या चेंडूला मिळणारी माफी कमी होते. शाफ्ट तुमच्या वेगाच्या मानाने फार मऊ असेल तर उंची थोडी वाढू शकते. तो फरक स्विंगच्या चुकीपुढे लहान असतो, म्हणून शाफ्ट सगळ्यात शेवटी.

शक्य असेल तर क्लब घेण्याआधी एकदा लॉन्च मॉनिटरवर मारून बघा. तिथे दोन आकडे विचारा, लॉन्च अँगल आणि स्पिन. कोन १३-१४ आणि स्पिन २५००-३०००, तर क्लबला हात लावू नका. कोन ११ आणि स्पिन ४००० च्या वर, तर आधी खाली मारणं थांबवा. कोन १८-२० असेल तर मनगट आणि वजन बघा.

२२:३०: वारा आणि आपली मैदानं

आपल्या भागातून जायला जवळ म्हणजे खारघरचं सिडकोने उभारलेलं मैदान. क्लबचं सभासदत्व नसलं तरी पैसे भरून खेळता येतं, म्हणून आपल्यासारख्यांना ते मोठं वरदान. भिवंडीहून मुंब्रा बायपास, शीळफाटा, तळोजा असं जायचं, आणि ट्रेलरच्या रांगेत अडकलात तर माझ्या नावाने बोटं मोडायची. डोंगराच्या कुशीत असल्याने वारा फिरतो. समोरून वारा असताना पतंग उडवणाऱ्याचं सगळं उघडं पडतं. अशा वेळी जोर लावू नका. जोर वाढला की फिरकीही वाढते. टी किंचित खाली, ग्रिप एक इंच खाली, आणि तीन-चतुर्थांश स्विंग.

पुण्याला खेळायला गेलात तर तिथे हवा थोडी विरळ, शहर साडेपाचशे मीटर उंचावर आहे. चेंडू जरा कमी उचलला जातो आणि थोडा लांब जातो. लगेच ‘माझा दोष गेला’ म्हणून पेढे वाटू नका, खाली उतरलात की तो परत येईल. बाय द वे, टोकियोत पुरुषांच्या गोल्फमध्ये भारताचे दोनच खेळाडू होते. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा आणि उदयन माने पुण्याचा. तेव्हा हा खेळ आपला नाही, असं कोणी म्हटलं तर ही दोन नावं सांगा.

२४:४०: कल्याणच्या मित्राला उत्तर

तर मित्रा, तू म्हणालास चेंडू सरळ आभाळात जातो आणि शंभर-सव्वाशेवर पडतो. तुझ्या आवाजावरून आणि वर्णनावरून मला हा स्काय वाटतो. मामाच्या ड्रायव्हरच्या वरच्या रंगावर ओरखडे आहेत का बघ. असतील तर ९ डिग्रीचा क्लबही चेंडूच्या खालूनच जाईल, फक्त ओरखडे नव्या रंगावर पडतील.

या रविवारी मार्कर घेऊन जा. चेंडू डाव्या टाचेसमोर, अर्धा चेंडू वर दिसेल एवढी टी, आणि अर्धा तास नुसती टी उडव. पुढच्या वेळी पहिल्या आणि शेवटच्या दहा चेंडूंची नोंद मला पाठव. पुढच्या भागात, तुझी परवानगी असेल तर, आपण ती सगळ्यांसमोर वाचू आणि बघू मी बरोबर होतो की चुकलो.

आणि क्लबसाठी साठवलेल्या पैशांतून एखादा तास चांगल्या कोचकडे जा, उरलेले मामाला परत दे. नाही घेतले तर त्याला घेऊन रेंजवर जा. त्याचा सेट आहे, त्यालाही कदाचित पुन्हा मारून बघावंसं वाटत असेल.

चला, लूम अजून चालूच आहेत, माझी मात्र शिफ्ट संपली. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत चेंडूवर नजर ठेवा, मारल्यानंतरसुद्धा.